लाल झेंडा, पांढऱ्या चादरी

३ एप्रिल
आजपासून रोजनिशी. मोठमोठ्या क्रांतिकारकांची चरित्रं नंतर भलत्याच माणसांनी लिहिली आणि घोळ झाले. माझ्या बाबतीत ते नको.
संकल्प: एक मेपर्यंत आमच्या लाँड्रीत कामगारांची सत्ता. मालकाला आधी चांगल्या शब्दांत सांगायचं. ऐकलं नाही तर इतिहासाची गरज म्हणून सांगायचं.
मी काउंटरवर बसतो. कपडे घ्यायचे, पावती फाडायची. हात मळत नाहीत, त्यामुळे डोकं विचाराला मोकळं. बायको त्याच लाँड्रीत, मागच्या इस्त्रीखोलीत.
तिला संकल्प सांगितला. म्हणाली, क्रांतीचं सावकाश होऊ द्या, पण इस्त्रीखोलीतली वाफ बाहेर फेकणारा एक पंखा मिळतो का बघा, जीव घुसमटतो. तिला समजावलं की पंखा ही नुसती सुधारणा, आणि सुधारणावाद हा क्रांतीचा सगळ्यात मोठा शत्रू. ती भांडी घासत राहिली. वर्गजाणीव शून्य.

५ एप्रिल
केंद्रीय समिती स्थापन. सभासद: मी, बॉयलरवाला आणि बटणं लावणारा शिंपी. जागा: साबणाची खोली.
इस्त्रीच्या बायकांनाही बोलवू या, असं बॉयलरवाल्याचं मत पडलं. म्हटलं, घाई नको. आधी अग्रदल पुढे जातं, जनता मागून येते. शिंप्याने विचारलं, अग्रदल म्हणजे कोण? म्हटलं, आपणच की. तो जाम खूश झाला.
झेंड्यासाठी लाल कापड आणलं. काय रंग आहे! शिंप्याने लगेच शिवून दिला. काउंटरच्या खणात ठेवलाय, माझ्या जेवणाच्या डब्याखाली. तिथे मालक हात घालत नाही.

९ एप्रिल
अभ्यासवर्ग सुरू. विषय: सर्वहारा कोणाला म्हणावं? ज्याच्याकडे उत्पादनाची साधनं नाहीत, त्याला. इथपर्यंत सुरळीत. मग शिंप्याने पिल्लू सोडलं: बायकांच्या घरी स्वतःची इस्त्री असते, मग त्या सर्वहारा की पेटी बूर्झ्वा, म्हणजे छोट्या मालकिणी?
प्रश्न मूलभूत! चर्चा रंगली. मध्येच बाहेर आरडाओरडा. आमची ही इस्त्री करता करता चक्कर येऊन पडली म्हणे. बायकांनी तोंडावर पाणी मारून उठवलं. मी निघालोच होतो, पण ठराव नेमका मतदानाला आला.
घरी ती बोलली नाही. दमली असेल. दमलोय तर मीही. वाद घालून घालून घसा बसलाय.

१२ एप्रिल
समितीत फूट. बॉयलरवाला म्हणतो, तुमच्या व्याख्या गेल्या खड्ड्यात, कालपरवा तुमचीच बायको पडली, आधी पंखा मागू. शिवाय मी उंटावरून शेळ्या हाकतो असंही म्हणाला. म्हणजे दुरुस्तीवाद, आणि वर वैयक्तिक चिखलफेक! जागच्या जागी हकालपट्टी. मार्क्सने बाकुनिनला इंटरनॅशनलमधून काढलं तेव्हा त्यालाही असंच हलकं वाटलं असणार.
बॉयलरवाला बरं म्हणाला आणि निघाला. साबणखोलीची किल्ली त्याच्याकडे असते हे नंतर लक्षात आलं. आता समिती जिन्याखाली भरते.

१५ एप्रिल
शिंप्याने जांभई दिली. माझ्या भाषणात, द्वंद्वात्मक भौतिकवाद ऐन भरात आलेला असताना! वर म्हणतो, जिन्याखाली हवा नाही. हवा, हवा, हवा! सगळ्यांना हवाच हवी. शुद्धीकरण करून टाकलं.
समितीत आता मी एकटा. कारभार सुधारला. ठराव चुटकीसरशी मंजूर होतात.

१९ एप्रिल
जाहीरनामा लिहायला घेतला. पहिलं वाक्य असं हवं की वाचताक्षणी माणसाने खुर्ची सोडली पाहिजे. अजून सुचलेलं नाही. मी स्वतः चार वेळा खुर्ची सोडून चहा केला.
संध्याकाळी ही काहीतरी सांगत होती. उद्या सगळ्याजणी इस्त्र्या बंद करून लाँड्रीच्या दारात बसणार, पंखा मिळेपर्यंत उठणार नाही, तुम्हीही या, असं काहीसं. मी वाक्यात गुंतलो होतो. हूं म्हटलं.

२० एप्रिल, सकाळ
जाहीरनाम्यासाठी रजा टाकली. एवढ्यात मालकाचा फोन. बायकांनी काम बंद पाडलंय, बॉयलरवाला आणि शिंपीही त्यांच्यात जाऊन बसलेत, आणि संध्याकाळी हॉटेलच्या चादरी पोचत्या करायच्या आहेत. व्हॅन पाठवतो, निघून या.
मला न विचारता संप! अग्रदलाशिवाय! याला म्हणतात उत्स्फूर्तपणाचा रोग. रोझा लक्झेंबर्गने कौतुक केलं असतं. मी करणार नाही.
जावं की न जावं? खूप विचार केला. परिस्थिती आतून पाहणं हे कर्तव्यच. लेनिन नाही का शत्रूने सोय केलेल्या रेल्वेतून मायदेशी आला? लोक त्यालाही फितूर म्हणाले. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. आणि माझी तर साधी व्हॅन.

दुपार
दारात बायका ठाण मांडून बसल्या होत्या. उन्हामुळे तोंडाला रुमाल बांधलेले, सगळ्या सारख्याच दिसत होत्या. जनता म्हणजे अखेर जनता. एक उठून आडवी आली. म्हटलं, बाई, बाजूला व्हा, व्यापक हिताचं काम आहे. ढिम्म हलेना. घाईघाईत माझा बूट तिच्या पावलावर पडला. सॉरी कॉम्रेड म्हणालो आणि आत शिरलो. तिने तोंडातून ब्र काढला नाही. शिस्त वाखाणण्यासारखी.
चादरी मशीनमध्ये भरल्या. हे काम पहिल्यांदाच करतोय, पण त्यात काय आहे! मग वाटलं, विजयाच्या दिवशी झेंडा स्वच्छ हवा, डब्याचं तेल सांडलंय त्यावर. तोही आत टाकला. पाणी कडकडीत गरम लावलं. मळ चांगला निघतो.

संध्याकाळ
चादरी गुलाबी.
सगळ्या. उशांचे अभ्रेसुद्धा. मालकाने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, इतकी वर्षं लाँड्रीत काढलीत, नवं लाल कापड पांढऱ्यात घालू नये हे शेंबड्या पोराला कळतं! म्हटलं, माझं काम पावत्यांचं.
एवढ्या चादरी पुन्हा धुवायच्या, ब्लीच करायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायच्या म्हणजे माणसं हवीत. मालक मुकाट्याने दारात गेला आणि हात जोडले. पंखा कबूल. बायका आत आल्या आणि बाह्या सरसावल्या. मी मध्ये मध्ये येतोय असं दोघीतिघींनी सांगितलं, म्हणून घरी आलो.

२१ एप्रिल
नवा दृष्टिकोन सुचला. काल मी केला तो घातपात होता! शत्रूच्या गोटात शिरून उत्पादन ठप्प! संप जिंकला तो माझ्यामुळे. हे आधी कसं लक्षात आलं नाही?
इस्त्रीखोलीत जाऊन सगळ्यांना नीट उलगडून सांगितलं. बॉयलरवाला म्हणाला, आयत्या पिठावर रेघोट्या ओढू नका. मी आणखी आवाज चढवला. मागे मालक उभा. घातपात केलात? असं त्याने शांतपणे विचारलं. मी कानाला हात लावले. छे छे, साहेब, चूक झाली, शुद्ध गाढवपणा झाला. यालाच व्यूहात्मक माघार म्हणतात. बायका बघत होत्या. ही पण.
घरी ती लंगडत होती. म्हटलं, चपला बदल.

२६ एप्रिल
पंखा बसला. बटण दाबायचा मान सगळ्यांनी हिला दिला. माझं भाषण खिशात होतं. कोणी विचारलं नाही. पंख्याच्या घरघरीत ऐकूही आलं नसतं म्हणा.
हिच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलंय. अजून चपला बदललेल्या नाहीत. काही सांगायची सोय नाही.

१ मे
सुट्टी. सत्ता अद्याप मालकाकडेच. हरकत नाही, मुदत वाढवता येते. निदान झेंडा तरी गॅलरीत लावू म्हणून हिला विचारलं, तो धुण्यातून परत आला का?
तिने पाय पुढे केला. झेंडा पायाला बांधलेला. ब्लीचमध्ये पार पांढरा झालेला, फाडून त्याची पट्टी केलेली. विचारलं, एवढं झालं तरी काय?
म्हणाली, त्या दिवशी दारात तुम्हाला आडवी आले ती मीच. तुम्ही पायावर बूट दिलात आणि सॉरी म्हणालात. लग्न झाल्यापासून मला पहिल्यांदा सॉरी म्हणालात, तेही दुसरीच कोणी समजून.
यावर कुठल्याच सिद्धांतात काही सापडेना. आत्मटीका लिहावी म्हणून पेन घेतलं. ती म्हणाली, लिहीत बसू नका, पाय शेकायला पाणी आणा.
आणलं. सॉरी म्हटलं, तिच्याकडे बघून.
ती म्हणाली, पाणी फार कढत आहे. आधी गार घाला.
घातलं.