तळघरातला अडकलेला पंप

प्रिय मयुरेश,

ब्राउनश्वाइगचं हे घर विकून तुमच्याकडे गार्चिंगला कायमचं राहायला यावं, हा तुझा आग्रह अजून चालूच आहे. कारण काय, तर माझं हीटिंग मेलंय! तुझ्यासारखा उष्णतेच्या वहनावर पीएच.डी. केलेला माणूस तळघरात उभा राहून बॉयलरकडे असा बघत होता, जसा शहरातला जावई आजारी म्हशीकडे बघतो. मला तेव्हाच हसू आलं होतं.

भाऊबीजेला तू ओवाळून घ्यायला आलास तो तुमच्या मराठी मंडळातल्या गौरांगला घेऊनच. हीटिंगच्या धंद्यातला, शिवाय आपल्यातला माणूस, म्हणून मी कौतुकानं पोहे केले. सात मिनिटांत त्याचं बघून झालं आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडून कागद आला: सगळं नवं बसवायचं, एकतीस हजार युरो. इथल्या कुणाला विचारू नकोस, लुटतात, असं वर बजावलंस. मी ऐकलं. ओळखीचा म्हटलं की आपली अक्कल चपलांबरोबर दाराबाहेर राहते, तशी माझीही राहिली. श्यामकांत गेल्यावरसुद्धा हे घर सुटेल अशी भीती मला वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली. बावीस वर्षांचा संसार आहे रे इथे.

शेवटी तुला न सांगता इथल्याच एका हीटिंगवाल्यांकडे फोन करून तेर्मिन, म्हणजे यायची वेळ, ठरवून घेतली. ती मिळेपर्यंत तीन आठवडे ओव्हनजवळ शाल गुंडाळून बसले. मग फ्राउ लांगे आल्या, हीटिंगच्या माइस्टरिन, म्हणजे परीक्षा देऊन झालेल्या उस्ताद कारागीर, साठीच्या. पोह्यांना त्यांनी हातही लावला नाही. बर्नर उघडून काजळी काढली, पाइपांतला काळा गाळ बादल्या भरभरून बाहेर काढला, अडकलेला पंप बदलला. बिल नऊशे चाळीस. सवयीनं मी थोडं कमी करा म्हटलं, तर पेन घेऊन त्यांनी एकेक ओळ समजावली: येण्याजाण्याचे इतके, तासांचे इतके, पंपाचे इतके. एकही ओळ खोटी नव्हती. मला माझीच लाज वाटली.

तुझी तर कायमचीच वाटणार आहे. काल गौरांगला फोन केला. रडकुंडीला आला बिचारा. पंप अडकलाय, हजाराच्या आत काम होईल, असं त्यानं तुला त्याच दिवशी गाडीत सांगितलं होतं. तरी तू त्याच्याकडून एकतीस हजारांचा कागद लिहून घेतलास. ओवाळणीत मला साडी घातलीस आणि नोव्हेंबरभर थंडीत बसवलंस. इतका कोता कधी झालास तू?

कशासाठी, ते मात्र कळत नव्हतं. आज सकाळी तुझ्या वल्लरीचा मेसेज आला. तिला वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. तुम्ही अन्वीची किटातली, त्या पाळणाघरातली, जागा डिसेंबरअखेरीस सोडताय, कारण एक तारखेपासून पोरीला सांभाळायला आत्या आहेच! म्हणजे तुला फुकटची आया हवी होती, आणि तेवढ्यासाठी तू माझं घर विकायला निघालास. किटाला आजच फोन कर, जागा अजून गेली नसेल. घर छान ऊबदार झालंय, मी येणार नाही. नुसतं ताई, अडलंय, ये, एवढं म्हणाला असतास ना, तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं आले असते.

नाइलाजानं का होईना, तुझीच,
अरुंधतीताई