बर्फाच्या कारखान्यातला मुडदा

शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
नौतपा (मेअखेरचे नऊ आगीचे दिवस), भर दुपार

तीर्थस्वरूप इंदुताईस,

रमाकांतचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, फरशीवर घातला तर पोळेल). तुझे गुडघे कसे आहेत? पुण्यात अडतीस डिग्रीला तुम्ही हायहाय करता म्हणे. इकडे अडतीसला आम्ही पांघरूण शोधतो.

तर आमच्या मंडळानं ‘वाढते तापमान आणि साहित्याची सावली’ असा परिसंवाद ठेवला, तोही टळटळीत दुपारी (संध्याकाळी हॉल लग्नाला दिला होता). पाहुण्या निवेदिताबाईंनी सावलीवरच्या स्वतःच्या कविता सुरू केल्या आणि बत्ती गुल! कूलर थांबले, कविता थांबेनात. शेवटी अध्यक्ष या नात्यानं मी प्रसंगावधान राखून त्यांचा सत्कार उरकला, म्हणजे अंगावर लोकरी शाल घातली. बाई घेरी येऊन खालीच बसल्या.

त्यांना तळघरातल्या वाचनालयात नेलं. तिथं गारवा. मागोमाग सगळे श्रोते उतरले. बाई पाणी पिऊन सावरल्या, पण वर जायला कुणी तयार होईना आणि गलका वाढला. तेव्हा आमच्या ग्रंथपाल शांताताईंनी हाती लागली ती जुनी रहस्यकथा मोठ्यानं वाचायला घेतली. बर्फाच्या कारखान्यात मुडदा सापडतो. सभा चिडीचूप.

श्रोत्यांत उमाजीराव होते (पन्ह्यासाठी आलेले). पडाव मोहल्ल्यात पत्र्याच्या खोलीत एकटे राहतात. गेल्या वर्षी लू लागली (तुमच्याकडचा उष्माघात), नशिबानं वाचले. दुपारी त्या खोलीत थांबू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं, मुलगी फोनवर रडली, मी व्याख्यान दिलं. उत्तर एकच, “आमचे पणजोबा तोफेपुढून हटले नाहीत, मी उन्हाला भिऊन खोली सोडू?” पण शांताताईंनी पुस्तक मिटताच ते ताडकन उठले. “मतलब, खुनी कोण?”

“उद्या दुपारी या, कळेल.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत स्वारी हजर! तेव्हापासून रोज येतात, आता शेजाऱ्यांनाही आणतात. मंडळानं मात्र अहवालात निवेदिताबाईंच्या कवितांचा ‘शीतल परिणाम’ नोंदवला (बाईंचे हातपाय गार पडले होते, हे खरं).

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
रमाकांत

ता. क. पुस्तकाची शेवटची पानं वाळवीनं खाल्लीत. शांताताई कालपासून मनचंच वाचतायत आणि घाबरून त्यांनी दोन माणसं जास्तीची मारली. तू पूर्वी कथा लिहायचीस. तेवढा शेवट लिहून पाठव.

आणखी ता. क. शेवट नको, नुसतं पुढे लिहीत राहा! उमाजीराव आत्ताच म्हणाले, “खुनी सापडला की मी आपला खोलीवर बरा.” तेव्हा पाऊस येईपर्यंत खुनी सापडता कामा नये. पावसाचा हल्ली नेम नाही. कारखान्यात माणसं भरपूर ठेव.