आईचं रक्त जुळलं नाही

प्रिय अण्णा,

उद्या तू घरी येतोयस. तिरंग्यातली पेटी हुमनाबादवरून आपल्या गावी, निर्ण्याला आणतील, असा फोन आला. तू बर्फात गाडला गेलास त्याला कितीतरी वर्षं झाली, आणि आता कुठे त्या बर्फाने तुला सोडलं. उद्या गर्दीत तुझ्याशी बोलायला मिळणार नाही. शिवाय जे बोलायचंय ते चारचौघांत बोलण्यासारखंही नाही, म्हणून आजच लिहायला बसले.

तुम्ही सगळे एकाच चौकीत दबलात. सापडलेल्या देहांवर ना नाव, ना ओळखू येईल असा चेहरा. म्हणून फौजेने घरच्यांचं रक्त मागितलं. "डीएनए जुळवायचाय, आईचं असेल तर उत्तम," असं डॉक्टर म्हणाले. आईने लगेच हात पुढे केला. सुईला घाबरणारी आपली आई!

जुळलं नाही रे! सापडलेल्यांपैकी कुणाशीच नाही. आणि मला काय झालं माहितीय? आनंद झाला! म्हणजे तू त्यांच्यात नाहीस, कुठेतरी जिवंत आहेस! कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहून मी मैत्रिणींना हेच सांगत सुटले. घरी आले तर आई भिंतीला टेकून रडत होती.

"रडायलीस कामून? अण्णा जिता असंल की!"

"न्हाई गं. त्यो तिथंच हाय. माझंच रगत खोटं पडलं."

मग तिने सांगितलं. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं आणि त्याच आठवड्यात औरादच्या काकूला तू झालास. काकूच्या अंगावर पिणारी आधीची लेक होतीच. तिने तुला आईच्या ओटीत घातलं. दोघी जावांनी आपल्या कुलदैवतापुढे, मल्लण्णापुढे बेल-भंडारा उचलला, की मरेपर्यंत हे कुणी बोलायचं नाही. आपल्या लोकांत भंडारा उचलल्यावर तोंड कोण उघडणार?

"मग रक्त द्यायला गेलीस कामून?" मी ओरडलेच.

"माझ्या दुधावर वाढलाय त्यो. दुधाचंच रगत होतंय की बाई!"

ती फसवत नव्हती, अण्णा. तिला खरंच तसं वाटत होतं. मी हसावं की रडावं?

तुला माहीत होतं का? सुट्टीवर आलास की बीदरला उतरून आधी औरादला जायचास, मग इकडे. मी फुगून बसायचे. माहीत असूनही मला एका शब्दाने बोलला नसशील, तर त्याचा राग मला आजही येतोय!

आईला घेऊन मी औरादला गेले. काकू ज्वारी पाखडत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "अक्का, भंडारा उचललाय आपण. आन् मी रगत दिलं तर कागदावर आई मीच हुईन. तू कोण ऱ्हाशील त्याची?"

"मी कोण बी नसू दे. त्येला घरी येऊ दे."

काकूने सूप बाजूला टाकलं आणि आईच्या गळ्यात पडून ती मोठ्याने रडली. तुझ्यासाठी मोठ्याने रडायची मोकळीक त्या माउलीला आजवर कुठे होती! मग तिने रक्त दिलं, आणि ते जुळलं.

तेव्हापासून आईला आण मोडल्याची धास्ती आहेच, पण तिला खातंय ते वेगळंच. काल शेजारणीने विचारलं, "जावंच्या लेकाला उद्या आणायलेत व्हय?" आई म्हणाली, "व्हय." अण्णा, तिचं ते एवढंसं 'व्हय' माझ्या काळजात रुतून बसलंय.

उद्या कागद वाचून अधिकारी काकूचं नाव घेतील. घेऊ देत, तो तिचा हक्क आहे. आई मात्र मागे बायांच्या घोळक्यात उभी राहील, मला ठाऊक आहे. मी तिला दंडाला धरून पुढे आणीन. दोघी तुझ्या पेटीला एकदमच हात लावतील. आणि यातली खरी आई कोणती, असं कुणी विचारलंच, तर उत्तर मी देईन. आपल्या आईला ते द्यावं लागू देणार नाही, हा माझा तुला शब्द.

तुझी सख्खी बहीण,
सुमन