गरम कपाची सवय

उटी

छायाताईस,
संतोषचा नमस्कार. आईला सांग, मी मजेत हाय.

इथं थंडी फार, म्हणून मी कामाला हाय त्या हॉटेलात कॉफी ओतायच्या आधी कप उकळत्या पाण्यात बुडवून तापवतात. आपल्या कुंभिवलीच्या हॉटेलात कोण करतंय असं? आई म्हणंल, नसते लाड! पण थंड कपात कॉफी लगेच निवते गं. बाकीची पोरं कप फडक्यानं उचलतात, मी नुसत्या हातानं. मालक खूश हाय.

आता पुढचं आईला वाचून दाखवू नको. फोन ती स्पीकरवर लावते, म्हणून लिहितोय. काल माझ्या दोन बोटांवर टरारून फोड आले. चटका कधी बसला, कळलंच नाय. आपल्या अप्पांची बोटं महारोगात गेली, तेव्हा आधी अशीच बधिर झाली होती का गं? मला लय भीती वाटते.

आजपासून मी पण फडकं घेतोय. कुणाला कळायला नको.

तुझा,
संतोष