उपटलेला ताग

मोनाची आई,

तू सेक्टर दोनले मोनाकडं गेली होती, तेव्हा मी शेती शिकायले जातो त्या धमध्याच्या शेतावरून दुपारी आलो होतो. वरणभात खाऊन जरा झोपलो, आता साडेचारच्या बसनं परत चाललो. कुकर घासून ठेवला आहे.

खरं सांगतो, मी पळून आलो होतो. सकाळी वांग्याच्या ओळींमधलं सारं गवत उपटून मी जमीन साफ केली. ते गवत नव्हतं, माती झाकायले शेतवाल्यायनं मुद्दाम पेरलेला ताग होता. त्यायच्या घरची सून धनेश्वरी आपल्या मोनापेक्षा लहान. ती एवढंच म्हणाली, "कका, माटी ला उघरा कर डारेव." माती उघडी केली मी, याचंच तिले वाईट वाटलं. मग जेवताना तिनं मले भाजी जास्तच वाढली. मी अर्ध्या जेवणावरून उठलो. बीपीच्या गोळ्या घरी राहिल्या म्हणून सांगितलं अन् निघालो.

चौतीस वर्षं कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर नव्या पोरायले मी शिकवलं, आता एकसष्टाव्या वर्षी मीच शिकाऊ. कंबर धरून राहिली. 'तुमच्यानं होत नाही' हे तुझं बोलणं खरं वाटून राहिलं. पण कारखान्याचं क्वार्टर सोडल्यावर आपल्याले गावच्या दोन एकरातच रहायचं आहे, अन् मले मातीतलं काहीच येत नाही.

आत्ता धनेश्वरीले फोन करून गोळ्यायचं खोटं कबूल केलं. ती हसली. म्हणाली, "आ जाव कका, बीजा निकाल के रखे हंव. तुमन बोहू." म्हणजे बी काढून ठेवलं, अन् पेरायचं मीच.

मी पळून आलो हे मोनाले सांगू नको. पेरून झालं का मीच सांगतो.

शेषराव