मागच्या खोलीपर्यंतची वाट

ती. वन्सं,

नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजावं. प्रत्यक्षात गेले आठ दिवस मला वाकता येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

तुमचा गुडघा कसा आहे? डावा विचारते आहे. उजव्याबद्दल मागच्या पत्रात दोन पानं होती. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता, की डोकं दुखलं की घेता? लेक, जावई, नातवंडं सगळी खुशाल असतील. माझी प्रकृती उत्तम आहे. पाठ आणि उजव्या हाताचा अंगठा सोडला तर अगदी उत्तम.

तुमचं पत्र मिळालं. त्या निवासाने (वृद्धाश्रम म्हणायचं नाही, असं त्यांच्या माहितीपत्रकात छापलंय म्हणता, तेव्हा निवास) तुमच्यासाठी एक खोली राखून ठेवली आहे आणि हो की नाही ते पंधरा तारखेच्या आत कळवायचं आहे. लेकीच्या दोन खोल्यांत पाच माणसं असताना सहावं किती दिवस राहायचं, हे तुमचं म्हणणं मला पटतं. माझ्याकडे येण्याचाही विचार करून पाहिलात, शेवटी ते तुमचं माहेर आहे, इथपर्यंतही ठीक. पण पुढे तुम्ही लिहिलंत, "तुझ्या घरात वस्तू राहतात. माणसाने फार तर उभं राहावं." हे वाक्य मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जास्त आला, आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी उठून कोयता शोधायला लागले. (तो चौथ्या दिवशी सापडला. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे.)

मागच्या खेपेला फाटकापासून दारापर्यंत येताना घाणेरीच्या काट्यांत तुमचा पदर अडकला, तो सोडवायला शेजारच्या कंपाउंडरांना बोलवावं लागलं, आणि मागच्या खोलीचं दार हातभरच उघडत असल्यामुळे तुम्ही तीन दिवस दिवाणखान्यातल्या सोफ्यावर काढलेत, हे मी विसरलेले नाही. तेव्हा कळवायचं असं की बाग आणि घर दोन्ही साफ झाली आहेत. मी तुम्हाला राहायला बोलावते आहे असा अर्थ मात्र यातून काढू नये. तुमचे बंधू गेल्यापासून चार वर्षं मी एकटी राहते आहे आणि माझं कोणावाचून काही अडलेलं नाही. मी केवळ वस्तुस्थिती कळवते आहे, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की भावजयीने सांगितलंच नाही.

आधी बाग. एकतीस वर्षं कॉलेजची लायब्ररी सांभाळलेल्या बाईला बाग आवरणं काही अवघड नाही. तत्त्व एकच: काय ठेवायचं ते आधी ठरवावं, बाकीचं आपोआप ठरतं. आमच्या लायब्ररीत ज्या पुस्तकाला लाल चिठ्ठी, ते राखीव. त्याला कोणी हात लावायचा नाही. (प्राचार्यांनी एकदा लावला होता. नंतर नाही.) त्याच धोरणाने मी एक जुना लाल पडदा फाडून त्याच्या चिंध्या केल्या आणि एका सकाळी बागेतल्या चौदा झाडांना बांधल्या. लिंबू, डाळिंब, दोन पेरू, तीन जास्वंदी, सहा गुलाब आणि तुमच्या खोलीच्या खिडकीखालचा मोगरा. बाकी घाणेरी, गाजरगवत, भिंतीवर चढलेली ती निनावी वेल आणि बोरीच्या काटेरी झुडपांचं रान, सगळं जायचं होतं.

झाडं तोडणारा माणूस कंपाउंडरांनीच सुचवला. सोबत शिडी धरायला त्याचा मेहुणा. माणसं कामाची होती, पण मेहुण्याचं तोंड शिडी लावायच्या आधीपासून सुरू. त्याच्या लग्नात जेवण कसं कमी पडलं आणि त्याला हाच बहिणीचा नवरा कसा जबाबदार, हे फाटकापासून पायरीपर्यंत ऐकून झालं. मी दोघांना समोर उभं केलं आणि सांगितलं की काम चालू असताना बोलणं बंद. शंका आली तर मनात ठेवायची आणि शेवटी एकदम विचारायची. खुणा केलेल्या आहेत, त्या बघा आणि कामाला लागा. एवढं स्पष्ट सांगून मी आत माळ्यावरचं सामान काढायला गेले. बाहेर इतकी शांतता होती की मला लायब्ररीतले चांगले दिवस आठवले. मधूनमधून कुऱ्हाडीचा आवाज, बाकी काही नाही.

एक वाजता मी चहा घेऊन बाहेर आले. शंका झाडं तोडणाऱ्याला आलेली होती. माझ्या सूचनेप्रमाणे त्याने ती मनात ठेवली होती आणि चौदावं झाड पडल्यावर विचारली. एवढा धरलेला पेरू बाईंनी का पाडायला लावला, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, कोणी लावला? तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच तर चिंधी बांधलीत. आमच्यात चिंधी बांधली म्हणजे ते झाड गेलं."

वन्सं, मी चहाचा ट्रे पायरीवर ठेवला आणि बागेकडे पाहिलं. माणूस प्रामाणिक, हे कबूल करायला हवं. ज्यांना चिंधी नव्हती, ती झाडं बाईंच्या जिवाभावाची असणार म्हणून त्याने त्यांची फार निगुतीने व्यवस्था लावली होती. घाणेरीला आळी केली होती. वेलीला काठीचा आधार देऊन सुतळीने बांधलं होतं. गाजरगवताला मेहुणा झारीने पाणी घालत होता, तेही मुळाशी, पानांवर उडू न देता. कंपाउंडर सकाळपासून भिंतीवरून सगळं बघत होते. मग बोलला का नाहीत, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, बाई शिकलेल्या आहेत, काहीतरी विचार असेल.

चूक कोणाची या वादात मी पडणार नाही. (त्याची.) खूण केली म्हणजे वस्तू जपायची, हे जगातल्या कुठल्याही लायब्ररीत विचारा. त्याचं म्हणणं, कुठल्याही जंगलात विचारा. शेवटी मी दोघांना चहा दिला, त्यांनी लिंबाचं झाड पाडताना गळलेली लिंबं मला पिशवीत भरून दिली आणि मेहुणा जाताना सांगून गेला की गाजरगवताला आठ दिवस पाणी चुकवू नका. दुसऱ्या दिवसापासून ते सगळं रान मी स्वतः काढलं. पाठीचं कारण हे. पण फाटकापासून दारापर्यंत आता एक काटा नाही. सावलीही नाही, पण काटा नाही. तुमचा पदर कशात अडकणार नाही याची हमी मी लिहून देते.

आता घर. इथे दोष देणं माझ्या जिवावर येतं, पण तुमच्या बंधूंनी आयुष्यात एकही वस्तू टाकली नाही. तुम्ही लहानपणी त्यांना लागलेल्या चांगल्या सवयींबद्दल फार सांगत असता, ही कोणी लावली तेवढं सांगायचं राहिलं. मोडक्या छत्र्या एकोणीस निघाल्या. कुलपं नसलेल्या किल्ल्या मोजल्या नाहीत, पण वजनाने एका हाताने उचलवत नाहीत. त्यांच्या ट्रंकेचं झाकण माझ्या अंगठ्यावर पडलं, त्या ट्रंकेत काय असावं? दुसऱ्या ट्रंकेचं झाकण. मी नियम केला: प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, मागच्या वर्षभरात लागली का असं विचारायचं, आणि नाही असं उत्तर आलं तर दया न दाखवता फाटकाबाहेर. तीन दिवसांत दिवाणखाना मोकळा झाला. स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू यायला लागला. (तो मला फारसा आवडला नाही, पण तो प्रश्न वेगळा.)

फाटकाबाहेरच्या ढिगाला मी पाटी लावली, 'ज्याला हवं त्याने न्यावं.' भंगारवाला आला, त्याने छत्र्या एकेक करून उघडून पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि एकेक करून मिटून ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ढीग कमरेपासून छातीपर्यंत वाढलेला. आमच्या गल्लीला ती पाटी उलट्या बाजूने समजली असावी. त्यात एक पाय नसलेली आरामखुर्ची होती, ती मी ओळखली, कारण सोळा वर्षं तिच्यात बसलेले कंपाउंडर मी रोज पाहते. मी खुर्ची त्यांच्या दारात नेऊन ठेवली. ते म्हणाले, गैरसमज झाला. मी म्हणाले, झाला असेल, तुम्ही शिकलेले आहात, काहीतरी विचार असेल.

राहिली मागची खोली, म्हणजे तुमची. तिथे वर्तमानपत्रं आहेत. तुमच्या बंधूंनी बावीस वर्षांची लावून ठेवलेली, तारखेप्रमाणे, हे मात्र त्यांनी माझ्याकडून शिकलेलं. मी दाराच्या फटीतून तिरकी होऊन आत शिरले. शिरताना मागचा गठ्ठा सरकला आणि दारावर आडवा झाला. दार बंद. सकाळी दहाची वेळ. खिडकीतून हाका मारल्यावर कंपाउंडर आले, गज नसल्यामुळे आत उतरले, आणि गठ्ठा उचलायचा सोडून त्यातला वरचा अंक वाचत बसले. तेव्हाच्या बातम्या किती चांगल्या होत्या, असं त्यांचं चाललं होतं. त्यांचा डोळा लागायच्या आत मी दुसरा अंक उचलला, तर त्यात तुमच्या बंधूंनी अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. पेनने. माणूस चुकला तरी खोडायचा नाही, वरून गिरवायचा. आम्ही दोघांनी मिळून ते पुरं करायला घेतलं आणि बारा वाजून गेले. आडवे सात कोणालाच आलं नाही. म्हणून तो अंक ठेवला आहे. मग लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक अंकात एक कोडं आहे. म्हणून तेही ठेवले आहेत. तात्पुरते.

एकंदरीत काम संपलं असं म्हणायला हरकत नाही. भिंती मी झाडल्या, खिडक्या पुसल्या, तुमच्या पलंगाची गादी उन्हात घातली. लेकीला आशीर्वाद. निवासाबद्दल तुम्ही योग्य तो निर्णय घ्यालच. तुमच्या निर्णयात मी कधी पडले आहे का? (दोनदा. दोन्ही वेळा माझं बरोबर निघालं.)

आपली,
भावजय

ता. क. वर पलंगाची गादी उन्हात घातली असं लिहिलं आहे ते खरं आहे; ती माळ्यावर निघाली. पलंग मात्र अजून दिसलेला नाही. दिवाणखाना मोकळा करताना काही वस्तूंवर दया दाखवावी लागली, त्या सध्या तुमच्या खोलीत आहेत. दार आता हातभरही उघडत नाही. तूर्त खिडकीने ये-जा होते. तुमच्या गुडघ्याला ते जमणार नाही याची मला जाणीव आहे. पण दोघी असलो तर एक आत राहून देईल, एक बाहेर घेईल, चार दिवसांचं काम. एकटीने होत नाही, कारण प्रत्येक वस्तू हातात घेतल्यावर 'ही कुठली' म्हणून विचारायला समोर कोणीतरी लागतं, आणि यातल्या निम्म्या वस्तू माझ्या लग्नाच्या आधीच्या आहेत. त्या फक्त तुम्हालाच माहीत.

दुसरा ता. क. तुम्हाला न सांगता मी परवा तो निवास पाहून आले. आवडू नये म्हणूनच गेले होते. खोटं कशाला सांगू, जागा स्वच्छ आहे. बागेत एक आगाऊ गवत नाही. तुमच्यासाठी राखलेल्या खोलीत एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची, आणि सगळ्यांच्या चारी बाजूंनी फिरता येतं. मी त्या पलंगावर दहा मिनिटं बसून पाहिलं. तुम्ही म्हणता तसं माणसाला राहायला जागा आहे. पण मला तिथे तुम्ही काही दिसेनात. तिथल्या व्यवस्थापक बाई चांगल्या आहेत. त्यांनी विचारलं, "तुमचंही नाव यादीत घालू का?" मी म्हटलं, घरी विचारून सांगते.

फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं, घरी विचारायला कोणी नाही. म्हणून तुम्हाला विचारते आहे. उत्तर पंधराच्या आत पाठवावं, आणि ते टपालाने न पाठवता स्वतः घेऊन आलात तर बरं.