बर्नडीनसमोर सांगितलेलं वय

मिलवॉकी, गुरुवार

ती. कॉर्डीताईस,

तर सगळ्यात आधी कोण उगवलं असेल, सांग बघू? बर्नडीन! सरकारी माणसं यायची होती दहाला, आणि ही बया साडेआठलाच दारात हजर. डोक्यावर ईस्टरची जांभळी टोपी, हातात झाकलेलं हॅमचं ताट, आणि वर म्हणते कशी, "म्हटलं, ओझेला एकटी आहे, तिला जड जाईल." मला काय जड जायचंय! रविवारी चर्चमध्ये सांगायला तिला काहीतरी हवं होतं, दुसरं काही नाही. (हॅम मात्र चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. लवंगा जरा जास्त टोचल्या होत्या.)

अगं, नमस्कार राहिलाच की. ताई, तुला वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींची ढास थांबली का? त्यांच्या छातीला मेंढीची चरबी चोळ आणि वर गरम फडकं बांध, आई करायची तसं. डॉक्टरला सांगू नकोस म्हणजे झालं. इकडे मार्च लागला तरी बर्फ हलायचं नाव घेत नाही. आमची किओना नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. एवढीशी होती माझी नात, आता मलाच नाडी कुठे बघायची ते शिकवते. मी मान डोलावते. ज्या इस्पितळात ती शिकते तिथल्या चादरी मी पस्तीस वर्षं धुतल्या, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांना मी सांगते.

आता सरकारी माणसं माझ्याकडे कशाला, असं तुला वाटेल. मनाला लावून घेऊ नकोस, पण झालं असं. आमचा म्हातारा विटकोव्स्की गेला, आणि घर आलं त्याच्या मुलाकडे. म्हातारा कसाही असो, एकतीस वर्षांत मी एकदाही भाडं थकवलं नाही आणि त्याने एकदाही चढ्या आवाजात शब्द काढला नाही. मुलाने काय केलं, तर चिठ्ठी सरकवली दाराखालून. एक मेपासून अडीचशे डॉलर जास्त, नाहीतर खोल्या सोडा. दाराखालून, ताई! मी आत होते, दार वाजवता आलं असतं. आणि नेमकं त्याच महिन्यात लाँड्रीवाल्यांनी माझे पाच दिवसांचे तीन केले. किओना म्हणाली, आजी, भाड्यासाठी सरकारी मदत मिळते, अर्ज कर. मी म्हटलं, टिलमनांच्या घरात कुणी हात पसरला नाही. तर ती म्हणते, "पस्तीस वर्षं तू टॅक्स भरलास, तो काय परक्याच्या खिशातून?" कार्टी बोलते बरोबर, म्हणूनच राग येतो.

अर्ज अकरा पानांचा. तुला ठाऊक आहे, कापूस वेचायच्या दिवसांत आपली शाळा बंद, त्यामुळे माझी चौथीच्या पुढे मजल गेली नाही. पण तो अर्ज मी एकटीने भरला, माझ्या हाताने, निळ्या शाईने. एका ठिकाणी विचारलं होतं, घरात माणसं किती. मी चौदा नावं लिहिली. किओनाने डोक्याला हात लावला. "आजी, ही रविवारी जेवायला येणारी माणसं आहेत!" मी म्हटलं, मग? जेवतात इथे, तर घरचीच की. तिने बारा नावं खोडली. (आमच्या पास्टरांचंही खोडलं. त्यांना सांगू नये असं ठरलंय.) गरज का आहे ते लिहायला तीन ओळी ठेवल्या होत्या, मी मागे दीड पान जोडलं. दाराखालच्या चिठ्ठीवरच अर्धं पान गेलं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. कागद तपासायला आणि घर बघायला दोन माणसं येतील. मग काय, ताई, मी दोन दिवस घर घासलं. तू आली असतीस तर तुला वाटलं असतं, गव्हर्नरच येतोय. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओल आली आहे ना, तिच्यावर मी अंत्यविधीवाल्यांचं कॅलेंडर टांगलं. खिडकीची काच तडकली आहे, तिला जाळीचा पडदा. नळ गळतो, त्याच्याखाली फडकं ठेवलं, म्हणजे टपटप ऐकू येऊ नये. परक्या माणसाला घराचं उणं दाखवायचं नाही, हे आईने शिकवलंय. शिवाय कॅरमल केक केला, तीन थरांचा, साखर मंद आचेवर जाळून, तासभर तिच्यापासून न हलता. पाल्याची भाजी, मक्याचा पाव, आणि बर्नडीनचं हॅम होतंच.

दहाच्या ठोक्याला आल्या प्रूइटबाई. आपल्यासारख्याच काळ्या, चाळिशीच्या, गुटगुटीत, मांडीवर कागदांची चळत. त्यांच्याबरोबर एक हडकुळा माणूस, हॉब्ज नावाचा, हातात टॉर्च. मी ताटं पुढे केली, तर बाई म्हणतात, "माफ करा, आम्हाला अर्जदारांकडे काही खायची परवानगी नाही." मी म्हटलं, परवानगी कोण देतं, त्याला बोलवा, त्यालाही वाढते. तरी नाहीच. ताई, माझ्या दारातून उपाशी गेलेलं माणूस मला आठवत नाही, आणि ही दोघं त्या केकसमोर तासभर बसली. हॉब्जची नजर केकवरून हलेना. टॉर्च पेटवून भिंती बघत होता, पण पायाखाली मांजर आली तरी कळलं नाही. बर्नडीन मात्र समोर बसून तिसरा तुकडा खात होती. तिला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि त्या हॉब्जने काय करावं? सरळ कॅलेंडर उचललं. मग पडदा सारला. मग फडकं काढलं, आणि नळाने लगेच टपटप सुरू केली, जणू त्याचीच वाट बघत होता. मी लाजेने अर्धी झाले. वाटलं, संपलं, आता नापास. तर तो म्हणतो, "आजी, हे सगळं मालकाने दुरुस्त करायचं असतं. तुम्ही झाकता कशाला?" आणि त्याने एक एक करून सगळं लिहून घेतलं, विटकोव्स्कीच्या पोराच्या नावावर. मग मीच उठले आणि न्हाणीघरातलं मोडकं बिजागरही दाखवलं. वरची झिरपणारी कौलंही. एकदा दाखवायचंच तर सगळं दाखवावं.

पण खरी गंमत पुढे आहे. (गंमत आत्ता म्हणते, तेव्हा माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.) प्रूइटबाईंनी माझं ओळखपत्र बघितलं आणि चष्मा काढला. म्हणाल्या, "तुमचं वय साठ. अरेरे! बासष्टच्या पुढच्यांसाठी वेगळी योजना आहे, तिच्यात आत्ता तीन जागा रिकाम्या आहेत. बाकीच्यांची यादी आठ वर्षांची आहे हो." आठ वर्षं, ताई, आणि माझ्याकडे आठ आठवडे! त्यांना खरंच वाईट वाटलं, दिसत होतं.

आता तुला आणि मला माहीत आहे ते त्यांना कसं सांगायचं? आठवतं ना? मी पंचविसाव्या वर्षी इकडे आले, आणि रेमंड भेटला तो बावीसचा. नवरा बायकोपेक्षा लहान, हे मला कुणापुढे म्हणवेना. मी सांगितलं एकोणीस. मी दिसतही एकोणीसचीच होते, हे कुणी नाकारावं. पुढे जन्माचा कागद करायची वेळ आली, तर सुईणीने आपल्यापैकी एकाचाही कागद केलेला नव्हता. जज्ज म्हणाला, वडीलधारं कुणीतरी शपथेवर सांगू दे. मग तू, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी असून, उभी राहिलीस आणि सांगितलंस, हिच्या जन्माच्या वेळी कंदील मीच धरला होता! हात वर करून, न हसता. तुझा तो उपकार मी विसरले नाही. तेव्हापासून तू माझी ताई. आई गेली तेव्हा रीतीप्रमाणे तिचं बायबल थोरल्या मुलीला, म्हणून पास्टरांनी ते तुझ्या हातात दिलं, आणि मी तोंड मिटून बसले. बोलणार कोणत्या तोंडाने?

असं मला खरं बोलायचं होतं, पण समोर कोण? बर्नडीन! ती चौसष्टची. चर्चमध्ये पांढरे कपडे घालून म्हाताऱ्यांच्या बाकावर बसते, आणि मी अजून कॉयरमध्ये गाते, तिसऱ्या रांगेत, पोरींबरोबर. बारा वर्षं मी तिला जिन्यावरून हात धरून उतरवते आहे. मागच्या वर्षी माझा साठावा वाढदिवस तिनेच चर्चच्या तळघरात केला, फुगे लावून. हिच्यासमोर बोलले की दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला कळणार. मी एकदा त्या टपटपणाऱ्या नळाकडे बघितलं, एकदा रेमंडच्या खुर्चीकडे. एकतीस वर्षं ती खुर्ची त्याच खिडकीशी आहे. मग उभी राहिले, ॲप्रन झटकला आणि म्हटलं, "बाई, मी सहासष्ट वर्षांची आहे."

बर्नडीनचा काटा ताटात पडला. "किती म्हणालीस?"

"सहासष्ट."

"म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठी? आणि मला जिन्यावर 'जपून हं आक्का, आता हाडं ठिसूळ झाली तुमची' म्हणतेस?"

"पडली असतीस मग?"

आणि ताई, आता ऐक. प्रूइटबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "छे हो! तुम्ही अठ्ठावन्नच्या वर एक दिवस दिसत नाही. योजनेसाठी असं सांगू नये." ऐकलंस? सरकारी बाईने, सरकारी कागद मांडीवर ठेवून, बर्नडीनच्या तोंडावर! मी हा अर्ज केला त्याचं तिथेच सार्थक झालं. पण त्यांना पटेना, हीच पंचाईत. तेव्हा मदतीला कोण धावलं म्हणतेस? बर्नडीनच! तिला मी त्या बाकावर आजच्या आज हवी होते. "अहो, ती खरं बोलतेय! तिची कोपरं बघा! मानेचं कातडं बघा! उठताना देवाचं नाव घेते ती!" हो म्हणावं तर अब्रू जाते, नाही म्हणावं तर घर जातं. शेवटी मी मोजे खाली करून पायाच्या शिरा दाखवल्या. हॉब्ज त्या टॉर्चने बघून म्हणाला, "साठच." देव त्याचं भलं करो.

मग बाईंनी विचारलं, लहानपणीचं काही लिखित आहे का, जुनं, कुणी बदलू शकणार नाही असं? आणि मला एकदम आठवलं. आईच्या बायबलचं पहिलं पान. बाबांच्या हातची आठ नावं, आठ तारखा. बाई म्हणाल्या, ते चालतं, पण पान फाडून नको. पुस्तक कधी छापलं ते बघावं लागतं, म्हणून आख्खं बायबल हवं. ते मिळालं की कागद दुरुस्त होतो आणि त्या तीन जागांतली एक माझी.

जाताना मी केकचे दोन तुकडे चांदीच्या कागदात गुंडाळले आणि हॉब्जच्या बायकोसाठी म्हणून दिले, बायको काही अर्जदाराकडे आलेली नव्हती. प्रूइटबाईंनी छताकडे बघितलं. कौलं बघत होत्या म्हणे. (हॉब्जचं लग्न झालेलं नाही, हे बर्नडीनने नंतर शोधून काढलं.) आणि बर्नडीन जिना उतरताना थांबली, माझ्यापुढे हात केला आणि म्हणाली, "जपून हं, आक्का." सोडत नाही ती. पण मी हात धरला. निसरडं झालं होतं.

तुझी,
ओझेला

ता. क. तर बायबल रजिस्टर पोस्टाने पाठव, मऊ कापडात गुंडाळून. हे पत्र त्यासाठीच होतं. भाऊजींच्या खोकल्याचंही होतं, पण मुख्य त्यासाठी.

ता. क. दुसरा. शपथेबद्दल तू घाबरू नकोस. मी बाईंना सांगितलं, माझी बहीण तेव्हा लहान होती, मोठ्यांनी सांगितलं तसं बोलली. मोठी म्हणजे मी.

ता. क. तिसरा. काम झाल्यावर बायबल परत पाठवायचं का, याचा मी रात्रभर विचार केला. रीत रीतच असते, थोरलीचं थोरलीकडे. तेव्हा चि. कॉर्डी, तुला तुझ्या ताईचे अनेक आशीर्वाद. आजपासून पत्राच्या वर 'ती.' तू लिही. आणि उन्हाळ्यात ये, गुडघ्यांसकट. खोल्या इथेच असतील. बायबल तुझ्या मांडीवर देईन, आपण दोघी बाबांचं अक्षर बघत बसू.

ता. क. शेवटचा. पोस्टात आजच्या आज टाक. ते दोघं मंगळवारी, अठरा तारखेला, दहा वाजता परत येणार आहेत. म्हणजे बर्नडीन साडेआठला.